वरून पाहिलेलं घर

माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईला सगळं हॉस्पिटल श्वासबाई म्हणायचं. तिचं काम एक्स-रे काढण्याचं. दिवसभर तोंडात एकच घोष, "श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा." घरी आल्यावरही ते सुटत नसे. दूध उतू जायला लागलं की "रोखा, रोखा" करत धावायची. दूध काही रोखलं जायचं नाही, आणि जिन्याच्या या बाजूला मी खोखो हसायचे.

ती साधी होती असं मी लिहिणार नाही. साधी म्हटलं की लोक बावळट समजतात. हट्टी होती, मोजकं बोलायची, चहात साखर भरमसाट घ्यायची आणि कुणी दारासमोर आडवी गाडी लावली तर चपला घालून खाली उतरून भांडायची. लग्न केलं नव्हतं. का, असं मी तिला सरळ विचारलं होतं. "वेळच नव्हता हो, मावशी," म्हणाली. आणि ते खरं होतं. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, धाकटा भाऊ अजून शाळेत. त्याला खाऊपिऊ घालून, शिकवून, धंद्याला लावून देण्यात हिची लग्नाची वर्षं निघून गेली. भावाला ती बाळ्या म्हणायची. बाळ्याला आता टक्कल पडलंय, पोट सुटलंय. समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात त्याचा कापडी छपरांचा कारखाना आहे. दुकानांच्या आणि हॉटेलांच्या दारावर ती पट्ट्यापट्ट्यांची छपरं असतात ना, ती. हाताखाली माणसं आहेत. पण फोनवर हिचं "बाळ्या, जेवलास का?" काही संपलं नव्हतं.

तिची एक्स-रेची खोली मी पाहिली आहे. माझा खुबा दुखायला लागला तेव्हा तिनंच नेलं होतं. तळघरात, खिडकी नाही, दाराला आतून शिशाचा पत्रा, भिंती कळकट हिरव्या. बाहेर ऊन आहे का पाऊस हे आत कळायची सोय नाही. सगळी नोकरी अशा खोलीत काढलेल्या बाईला म्हातारपणी समुद्रासमोर घर हवं होतं, यात नवल ते काय? मला नवल वाटलं ते तिच्या शोधायच्या तऱ्हेचं.

संध्याकाळी घरी आली की कोपरापर्यंत हात धुवायची, चहा टाकायची आणि कॉम्प्युटरपुढे बसून उपग्रहाचा नकाशा उघडायची. मीही माझा कप घेऊन तिच्याकडे जायचे. घरात दुसरी खुर्ची माझीच होती.

"आज कुठे?"

"काल सोडलं तिथून पुढे."

किनारा वरच्या टोकापासून सुरू करून ती खाली येत होती. मधला एकही तुकडा न गाळता. छातीचा फोटो बघतात तसा, म्हणायची. वरून खाली, आधी ही बाजू, मग ती बाजू, उड्या मारायच्या नाहीत. मला असला धीर नाही. मी म्हणायचे, "अगं, एखाद्या दलालाला फोन कर. दोन दिवसांत चार घरं दाखवेल."

"दलाल त्याला विकायचंय ते दाखवणार. मला हवंय ते कोण दाखवणार?"

"मग स्वतः जाऊन हिंड जरा."

"आधी फोटो, मग हात," ती म्हणायची. हा त्यांच्या विभागातला नियम. कुणी कितीही विव्हळत आलं, तरी फोटो हातात आल्याशिवाय हाड ओढायचं नाही. रजाही मिळत नसे तिला, ते एक होतंच. तिच्या जागी बसायला दुसरं माणूस नव्हतं आणि हॉस्पिटलाला ते आणायचंही नव्हतं. पण खरं सांगायचं तर रजा मिळाली असती तरी ती गेली नसती. "मी समुद्रावर एकदाच जाणार, ते राहायलाच," असं तिनं ठरवून टाकलं होतं. हा मला शुद्ध आचरटपणा वाटायचा, आणि मी तो बोलूनही दाखवला होता.

बघायची मात्र ती जबरदस्त. झाडांच्या सावल्या बघून सांगायची की फोटो सकाळचा का दुपारचा. पाण्याच्या रंगावरून सांगायची, इथे खडक आहे, इथे नुसती वाळू. एका सुंदर बंगल्यावर मी भाळले होते, तर म्हणाली, "मावशी, त्या मागच्या शेडा बघा. मासे वाळवतात तिथे. नाक कापून ठेवावं लागेल." सगळी गच्ची पांढरीशुभ्र दिसली की म्हणायची, गळते म्हणून रंग मारलाय. कुणाच्या घरावर असं आभाळातून डोकवायला मला आधी कसंतरी वाटायचं. मग सवय झाली. सवयीचं काय, माणसाला कशाचीही होते.

आणि मग एके दिवशी तिनं माझ्या दारावर थाप मारली. बेल असताना थाप.

"मावशी, या. आत्ताच्या आत्ता या."

हातातली सुरी तशीच घेऊन गेले. पडद्यावर आकड्यासारखा वळलेला किनारा होता, आणि त्या वळणाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात एक घर. कौलारू, एका टोकाला पत्रा ठोकलेला. मागे गोल विहीर, वरून बटणाएवढी. दोन मोठी झाडं. समोर दगडी ओटा, आणि ओट्यावरून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. शेजारीपाजारी कुणी नाही, पण चालत जाता येईल इतक्या अंतरावर वस्ती.

"रिकामं आहे," ती म्हणाली.

"तुला काय माहीत? दारावर पाटी दिसली का वरून?"

तिनं जुने फोटो उघडले. त्या नकाशात मागच्या वर्षांचे फोटोही असतात, हे मला तिच्यामुळे कळलं. एकामागून एक दाखवत गेली. कुठल्याच फोटोत वाळत घातलेले कपडे नाहीत, गाडी नाही. दर वर्षी अंगणातलं गवत दारापर्यंत सरकत आलेलं. "माणसं राहत असती तर पायवाट पांढरी दिसली असती," ती म्हणाली. "हिरवी झालीये बघा. कुणी चालतच नाही तिच्यावर."

मी सुरी खाली ठेवली.

त्या घराला आम्ही कोपऱ्यातलं म्हणायला लागलो. ही गोष्ट तिनं दोघांनाच सांगितली, मला आणि बाळ्याला. बाळ्या तिथून सकाळी निघाला तर जेवायच्या वेळेपर्यंत पोचेल इतका जवळ राहायचा. त्याला तिनं फोटो पाठवला, जागेची खूण पाठवली आणि फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

"ताई, तू म्हणजे गुप्तहेर आहेस!" त्याचा आवाज मला इथपर्यंत आला. "अगं कसली जागा आहे! मी इतकी वर्षं इकडे राहतो, मला नाही दिसली कधी."

"तुला छपरांशिवाय काय दिसतं? जाऊन ये. भिंती बघ, विहिरीचं पाणी गोडं आहे का बघ, मालक कोण ते विचार. सगळं बघून मला सांग."

"तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी जाणार? पुढच्या आठवड्यात जातो."

पुढचा आठवडा झाला. मग हॉटेलांचा हंगाम होता. मग त्याच्या कारागिराचा हात मोडला. मग बायकोची पाठ धरली. ही दर रविवारी विचारायची आणि तो "जातो गं, तुझं घर काय पळून जातंय का?" म्हणायचा. मला वैताग यायचा. हिला नाही. हिनं तोवर नकाशावरच्या पट्टीनं छपराची लांबी-रुंदी मोजून आतल्या खोल्या मनानं पाडल्या होत्या. पलंग समुद्राकडच्या खोलीत, डोकं भिंतीकडे, म्हणजे उठल्या उठल्या पाणी. स्वयंपाकघर विहिरीकडे. तिचं मोठं लाकडी कपाट त्या घराच्या दारातून जाणार नाही अशी तिची खात्री झाली आणि ते तिनं मला देऊन टाकलं. मी म्हटलं, "अगं, अजून घर घेतलं नाहीस." तर म्हणाली, "घेतल्यावर घाई होईल."

मार्चच्या शेवटी बाळ्याचा फोन आला.

"ताई, नाद सोड. जाऊन आलो. मागची भिंत बसलीये. जमीन समुद्राच्या बाजूला सरकतेय, ओट्याला हात जाईल एवढी भेग आहे. विहीर खारी. वर मालकांच्यात कोर्टकचेऱ्या. फोटोत बरं दिसतं सगळं. दुसरं बघू आपण."

"बरं," ती म्हणाली. "जेवलास का?"

मी तिथल्या तिथे म्हटलं, "आपण दोघी जाऊन येऊ. डोळ्यांनी बघू."

"रिपोर्ट आलाय, मावशी."

हे नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर ती मूर्ख वाटेल. त्यांच्या कामात फोटो काढणाऱ्यानं फोटो काढायचा आणि डॉक्टरकडे पाठवायचा. निदान डॉक्टर करणार. फोटोत मोडलेलं हाड हिला ढळढळीत दिसलं तरी रोग्याला सांगायचं नाही. आणि वरून रिपोर्ट आला की त्याच्याशी वाद घालायचा नाही. सगळी नोकरी ती या शिस्तीत वागली होती. इथेही तिनं फोटो काढला, म्हणजे शोधला, आणि वाचायला भावाकडे पाठवला. त्याचा रिपोर्ट आला. संपलं. तिच्या जागी दुसरं कुणीही असतं तर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता. तिच्या डोळ्यांना त्या फोटोत भेग दिसली नव्हती, आणि तरी तिनं ती मानली.

त्यानंतर बरेच दिवस तिनं नकाशा उघडला नाही. संध्याकाळी मी गेले की आम्ही नुसत्या बसायचो. एकदा चहा ओतता ओतता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. विचारलं तर म्हणाली, "त्या भिंतीचं वाईट वाटतं हो. कुणी बघितलंच नाही तिच्याकडे." मी म्हटलं, भिंतीसाठी रडणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय. ती हसलीही.

मग ती निवृत्त झाली. हॉस्पिटलानं गुच्छ दिला, सगळ्यांनी मिळून "श्वास सोडा!" असा गजर केला, आणि दुसऱ्या दिवशी तिला कुठे जायचंच नव्हतं. मी मागे लागले, बस परत त्या कॉम्प्युटरपुढे, हात-पाय धड आहेत तोवर शोध काहीतरी. बसली. थोडं इकडचं-तिकडचं बघितलं, आणि मग दात पडल्यावर जीभ जिथे जाते तशी कोपऱ्यातल्या घरावर गेली.

नकाशावरचा फोटो बदलला होता.

मी आधी ओळखलंच नाही. कौलं नवी, लालबुंद. पत्रा गेलेला. पायवाट पांढरी. मागची भिंत उभी, जमीन जागेवर, ओटा जागेवर. आणि ओट्यावर एक मोठं कापडी छप्पर ताणलेलं. काळपट हिरवा पट्टा, मग सायीच्या रंगाचा, मग हिरवा, आणि कडेला एक विटकरी पट्टी.

श्वासबाई पट्टे मोठे मोठे करत गेली, पडद्यावर नुसता हिरवा रंग उरेपर्यंत.

"कुणीतरी घेतलं वाटतं," मी म्हटलं. "आणि छप्पर तुझ्या भावाकडून शिवलेलं दिसतंय. गिऱ्हाईक असेल त्याचं."

"कडेची विटकरी पट्टी तो गिऱ्हाइकाला लावत नाही," ती म्हणाली. "ती फक्त त्याच्या स्वतःच्या कारखान्याच्या दारावर असते. त्यानं धंदा काढला तेव्हा तो रंग मीच निवडून दिला होता."

मग तिनं पडद्याच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात फोटो कधीचा ते लिहिलेलं असतं. एक्स-रे हातात आला की ही बाई आधी तारीख बघणार, मग बाकीचं. फोटो जानेवारीचा होता. ज्या जानेवारीत बाळ्याच्या कारागिराचा हात मोडला होता आणि त्याला तिकडे जायला सवड नव्हती, त्या जानेवारीचा. भेगेचा फोन आला त्याच्या आधीचा.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं श्वास रोखला होता, अगदी खरोखर. "सोड," मी म्हटलं. "अगं सोड."

तिनं फोन उचलला आणि त्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येईल असा करून टेबलावर ठेवला. रविवार होता.

"बाळ्या, ते कोपऱ्यातलं घर आठवतं का रे?"

"कुठलं गं? हां, ते पडकं? त्याचं काय?"

"पडलं का पूर्ण?"

"पडलंच असणार. मी कशाला परत जातोय तिकडे?"

तेवढ्यात मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, चांगला खणखणीत. "अहो, भरती चढतेय! ओट्यावरच्या खुर्च्या आत घ्या, उशा भिजतील!"

"कोण ओरडतंय रे?"

"टीव्ही. टीव्ही लागलाय."

"टीव्हीला सांग," श्वासबाई म्हणाली, "आधी उशा उचल. खुर्च्यांना काही होत नाही." आणि फोन ठेवला.

मी त्या माणसाला जे जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. छापायला कुणी घेणार नाही. मी म्हटलं, वकील गाठू. ती म्हणाली, कशासाठी? घर काही माझं नव्हतं. मी तर नुसतं सांगितलं होतं. मी म्हटलं, मग जाऊन तोंडावर बोल. यावर तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि म्हणाली, "चला."

दोनदा गाडी बदलून, माझा खुबा सांभाळत आम्ही गेलो. शेवटचा रस्ता भाड्याच्या गाडीनं. श्वासबाई पुढे बसली होती आणि गाडीवाल्याला सांगत होती, "आता डावीकडे. पाण्याची टाकी लागेल. टाकीनंतर उतार आहे, हळू घ्या, पुढे वळणावर झाड रस्त्यात आलंय."

"बाई, तुमचं माहेर का इथलं?" गाडीवाल्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पहिल्यांदाच येतेय."

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं.

दार भावजयीनं उघडलं. "अगबाई, वन्सं! कळवायचं नाही का?"

"कळवायची पद्धत आहे का आपल्यात?" श्वासबाई म्हणाली आणि आत गेली.

बाळ्या ओट्यावर होता, अर्ध्या चड्डीत, हातात रंगाचा ब्रश. बहिणीला बघून आधी त्याचा चेहरा खरोखर फुलला. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्याला आठवलं, आणि चेहरा पडला.

"ताई... अगं, तुला सरप्राईज द्यायचं होतं."

"कधी? ती मेल्यावर?" मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही यात पडू नका."

"तुझ्या त्या रस्त्यावर पडता पडता वाचलेय मी. बोल आता."

त्यानं ब्रश ठेवला. हात पुसले. मग जे बोलला ते त्यानं बरेच दिवस मनात घोळवलेलं असणार, कारण भडाभडा बाहेर आलं. "खरं सांग ताई, तू कधी घेणार होतीस? इतकी वर्षं तू नुसती बघत होतीस. एकदा तरी आलीस? मी आलो. तुझ्यासाठीच आलो होतो, देवाशप्पथ. ओट्यावर बसलो आणि माझा पाय निघेना. मालक म्हणाला, दुसरा माणूस उद्या येतोय. हातचं गेलं असतं."

"फोन करायचास."

"तू म्हणाली असतीस, थांब, अजून एकदा फोटो बघते."

यात थोडं खरं होतं, आणि म्हणूनच ते जास्त हलकट होतं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं ते ऐकून घेतलं, फिकट आलेला एक्स-रे उजेडाला धरून बघावा तसं.

"म्हणाले असते कदाचित," ती म्हणाली. "घेतलंस ते घेतलंस. पण भिंत पडली असं का सांगितलंस?"

त्यानं ब्रश परत उचलला.

"मी त्या भिंतीसाठी रडले रे."

"तुला वाईट वाटू नये म्हणून..." एवढंच म्हणाला आणि त्याचं त्यालाच ऐकवेना. समुद्राकडे बघायला लागला.

तेवढ्यात भावजय पाणी घेऊन आली. ती बाई वाईट नाही. वाईट असती तर सोपं झालं असतं. ट्रे ठेवून म्हणाली, "वन्सं, झालं ते झालं. वरची खोली रिकामीच आहे. तुम्ही इथेच राहा की! आम्ही काय, सुट्टीपुरते येणार. घर बंद राहिलं की या हवेनं कड्या-कुलपं गंजतात हो. तुम्ही असलात तर दारं-खिडक्या उघडतील, झाडलोट होईल. तुमचंही समुद्राचं होऊन जाईल."

बाळ्याचा चेहरा उजळला. "हां! ताई, खरंच. वरची खोली तुझीच."

मी गप्प बसले, आणि मला ते सोपं नाही. आयुष्यभर जे मागितलं ते तिच्यापुढे एका ट्रेमध्ये आलं होतं, फक्त राखणदारीण म्हणून. मला वाटलं, नाही म्हण. मग वाटलं, हो म्हण बाई, दुसरं कुठे मिळणार आहे, तुझं वय काय. माझं मन काय करत होतं देव जाणे.

ती उठली आणि न विचारता घरात गेली. मी मागोमाग. समुद्राकडच्या त्या खोलीत, जिथे तिचा पलंग असणार होता, तिथे कापडाची गुंडाळलेली भेंडोळी भिंतीला लावून ठेवली होती, छतापर्यंत. खिडकी त्यांच्यामागे अर्धी झाकलेली. राहिलेल्या अर्ध्या खिडकीतून पाणी दिसत होतं. ती तिथे उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती, बाकी काही नाही. मग तिनं हात लांब करून खिडकीची चौकट चाचपली, वरपासून खालपर्यंत, सावकाश, आणि वळली.

ओट्यावर येऊन म्हणाली, "वरची खोली नको मला."

"अगं पण का?"

"इथे राहिले तर रोज सकाळी उठून तुला माफ करावं लागेल. रोज नाही जमायचं मला."

"ताई, असं काय बोलतेस? जेवून तरी जा."

तिनं त्याला हाक मारली. बाळ्या म्हणून नाही. त्याचं शाळेतलं, कागदावरचं नाव घेतलं. मी तिच्या तोंडून ते तोवर कधी ऐकलं नव्हतं. तो दचकला, दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखा. "विहिरीचं पाणी गोडं आहे ना?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि आम्ही निघालो. समुद्रात पायसुद्धा बुडवला नाही तिनं. मी म्हटलं होतं, आलोच आहोत तर. "हा त्यांचा," म्हणाली. समुद्र काय कुणाचा असतो का? पण मी वाद घातला नाही.

परत आल्यावर मला वाटलं होतं ती रडेल, चिडेल, मला शिव्या घालायला मदत करेल. तसलं काही नाही. भाजी आणायची, गॅस पुसायची, आडव्या गाड्यांवरून भांडायची. फक्त तिच्या बोलण्यातून "मावशी, सांगू का" हे गेलं. आधी चार वाक्यांत एकदा ते असायचंच. ते कधी गेलं ते मला लगेच कळलं नाही, एखादा डबा फडताळातून गेलेला उशिरा कळतो तसं.

एकदा संध्याकाळी नेहमीसारखी कप घेऊन मी आत शिरले, तर तिनं पडदा बंद केला. झटकन.

"काय बघत होतीस?"

"काही नाही, मावशी. हवामान."

बंद करता करता मला निळा रंग दिसला होता. कडेला पिवळी वाळू. मी तिथे बसून चहा प्याले, इकडचं तिकडचं बोलले आणि घरी येऊन एक पातेलं इतकं आपटलं की त्याला पोचा पडला. मी काय बाळ्या आहे? ज्या बाईच्या शेजारी बसून मी अख्खा किनारा पाहिला, तिनं मला हवामान सांगावं! राग आला, फार आला. आणि मग हेही खरं की तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, फक्त जास्त उद्धटपणे.

थंडीच्या दिवसांत तिनं घर सोडलं. सामान एका लहान गाडीत मावलं. दारात येऊन म्हणाली, "जाते, मावशी."

"कुठे?"

"पोचले की कळवते."

मी तिला जवळ घेतलं. तीही बिलगली, खोटं नव्हतं त्यात काही. पण तिनं सांगितलं नाही. अधूनमधून फोन करते. "बऱ्या आहात ना? गोळ्या घेता ना?" मी विचारते, "तू कुठे आहेस?" तर म्हणते, "बरी आहे." मी फोन कानाला दाबून लाटा ऐकू येतात का बघते. पण माझे कान गेलेत, मला समोरच्या रस्त्यावरची गाडी ऐकू येत नाही.

मागच्या महिन्यात बाळ्या आला. इतक्या लांबून, एकटा. दारात उभा राहून समोरच्या कुलपाकडे बघत होता.

"मावशी, ताई कुठे गेली?"

"माहीत नाही."

"माझा फोन उचलत नाही. मी ते घर तिच्या नावावर करायला तयार आहे. बायकोशी बोललोय. तेवढं सांगा तिला."

"फोन आला तर सांगेन. तो कधी येईल ते तिच्या मर्जीवर."

"पत्ता द्या ना. मी जाऊन पाय धरतो."

"अरे, मला माहीत नाही."

तो माझ्या खुर्चीत बसला. त्याचं तोंड अगदी शाळेतल्या पोरासारखं झालं होतं, टकलासकट. मला दया यायला हवी होती. पाणी दिलं, तेवढं पुरे.

"मावशी, तुम्हाला सांगितल्याशिवाय ती पेलासुद्धा विकत घेत नव्हती. मला माहीत आहे. तिनं तुम्हाला सांगू नका म्हणून सांगितलं असेल. तुम्ही तिच्या बाजूच्या, मी समजू शकतो. नुसतं एवढं सांगा, समुद्रावर आहे ना?"

"मला माहीत नाही," मी परत म्हटलं.

तो उठला. जिन्यात उतरता उतरता वळून हात जोडले, मोठ्या माणसाला जोडावेत तसे, आणि म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही शब्द पाळताय. बरंय, कुणीतरी तिच्याशी इमानानं वागतंय."

मी दार लावून घेतलं. तिनं मला शब्द द्यायला लावला असता, आणि मी त्याच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत असते, तर किती बरं झालं असतं.